जालन्याचा सोन्याचा पाळणा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. मोंढ्यांत, सराफ्यांत, लग्नाच्या मांडवांत किंवा रेल्वेच्या डब्यांत चार वयस्क जालनेकर एकत्र आले, म्हणजे बोलण्याच्या ओघांत ती एकदां तरी निघतेच. आणि तिच्या पाठोपाठ एक सुस्काराही निघतो. ‘आतां पूर्वींचें जालना राहिलें नाहीं,’ असें कोणी तरी म्हणतो व बाकीचे माना डोलवितात. तो सुस्कारा खोटा असतो, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. ज्या गांवांत मनुष्याचें बालपण गेलें त्या गांवाची त्याला ओढ वाटावी, हें स्वाभाविकच आहे. पण ‘पूर्वींचें जालना’ म्हणजे कोणतें, असें त्या चौघांस विचारलें, तर चार निरनिराळीं उत्तरें येतील. आणि प्रत्येक उत्तरांत सोन्याचा काळ नेमका त्या त्या वक्त्याच्या बालपणापाशीं येऊन थांबेल. तेव्हां आज आपण या म्हणीच्या मागें असलेला इतिहास थोडा पाहूं. हा पाळणा सोन्याचा केव्हां होता, कोणासाठीं होता, आणि त्यांतलें आपल्या हातून खरोखर काय गेलें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

जालना हें कुंडलिका नदीच्या कांठचें गांव. एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर कादराबाद, अशीं हीं खरें म्हणजे दोन गांवें. लोककथा सांगते, कीं या स्थानाचें मूळ नांव जानकपूर असून त्याचा संबंध सीतामाईशीं आहे. पुढें येथील एका धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून तें नांव बदललें. तो विणकर, म्हणजे जुलाहा, होता, म्हणून गांव जालना झालें, असें सांगतात. कथेला पुरावा मागत बसण्याचें कारण नाहीं. तिच्यांतली एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपलें नांव कोणा राजावरून किंवा सरदारावरून पडलें, असें हें गांव सांगत नाहीं. मागावर बसणाऱ्या माणसावरून पडलें, असें सांगतें. अकबराच्या काळीं हा प्रदेश त्याच्या एका सरदाराच्या जहागिरींत होता, आणि ‘ऐन-इ-अकबरी’चा कर्ता अबुल फजल याचें कांहीं काळ येथें वास्तव्य होतें, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत सांपडते.

पण मोठमोठीं नांवें येतात आणि जातात. गांवाला जें खरें उपयोगीं पडतें तें निराळेंच असतें. इ. स. १५७८ मध्यें जमशेदखान नांवाच्या अधिकाऱ्यानें येथें काळी मशीद बांधली आणि तिच्याबरोबर हमाम व सराई उभारली. याच जमशेदखानानें मोती तलाव बांधला, त्यांतलें पाणी जमिनीखालच्या नळांनीं गांवांत आणलें आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडलें. मलिक अंबरानें खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, जी प्रसिद्ध नहर आणली, ती सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतली. जमशेदखानाचें बांधकाम त्याच्या कित्येक वर्षें आधींचें. भरभराटीच्या दिवसांत जालन्यास पांच तलाव होते, असेंही जुन्या नोंदी सांगतात. अशा व्यवस्थेला यंत्र लागत नाहीं, तेल लागत नाहीं. पाणी आपल्या उतारानें चालतें. तिला लागते ती माणसांची देखरेख. तलावांतला गाळ वेळच्या वेळीं काढावा लागतो, नळांत शिरलेलीं झाडांचीं मुळें तोडावीं लागतात, हौद धुवावे लागतात. एका अधिकाऱ्यानें बांधलेलें काम पिढ्यान् पिढ्या चाललें, याचा अर्थ असा, कीं ज्यांचीं नांवें कोणत्याही शिलालेखावर नाहींत अशा शेंकडों हातांनीं तें चालू ठेवलें.

अठराव्या शतकांत आसफजाहाच्या अमदानींत, इ. स. १७२५ मध्यें, येथें मस्तगड बांधला गेला. कोंपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज असलेला तो चौकोनी किल्ला आणि आंतली गढी यांच्या वर्णनांत एका चमत्कारिक विहिरीचा उल्लेख येतो. तिच्यांत सज्जे व दालनें असल्याचें म्हटलें आहे. म्हणजे किल्ला बांधणारासही पाण्याचा विचार आधीं करावा लागला. गांवाभोंवतीं तट होता. तो पुढें ढासळला, तरी मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा यांचीं नांवें मागें राहिलीं. मोठ्या रहदारीच्या वाटेवरील अशा बाजारपेठेवर सैन्यांची दृष्टि असावयाचीच. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरांत कर्नल स्टीव्हन्सन यानें जालना घेतलें. त्याच महिन्यांत त्याची व जनरल वेलस्ली याची गांठ जवळच बदनापूर येथें पडली. आणि २३ सप्टेंबर रोजीं असई येथें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशीं ती घनघोर लढाई झाली. दक्षिणेंतील मराठ्यांच्या सत्तेला मोठा धक्का बसला तो याच मातींत. जालना जिल्ह्यांतील ज्वारीच्या शेतांतून आज जातांना हें सहसा कोणाच्या मनांतही येत नाहीं.

लढाईनंतर छावणी आली. इ. स. १८२७ मध्यें हैदराबाद कंटिंजंट या फौजेसाठीं येथें छावणी बांधण्यांत आली, आणि गांवाचा कायापालट झाला. फौज म्हटली कीं तिला धान्य पाहिजे, घोड्यांस चंदी व गवत पाहिजे, कापड पाहिजे, दूध पाहिजे, शिंपी, मोची, लोहार, परीट, सारे पाहिजेत. दरमहा ठरलेल्या दिवशीं पगार होत, आणि तो पैसा बाजारांत खुळखुळे. छावणीच्या उत्तरेस सत्तावीस एकरांचा सार्वजनिक बाग होता आणि जालन्याच्या बागांतील फळें मुंबईपर्यंत जात, अशा नोंदी आहेत. सोन्याच्या पाळण्याची म्हण पडली ती केव्हां हें सांगणें कठीण. पण या काळीं ती पुष्कळांस खरी वाटली असेल. इ. स. १९०३ मध्यें कंटिंजंट फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली आणि छावणी उठली. पाऊणशें वर्षें जिच्यावर बाजार पोसला होता ती फौज निघून गेली. ‘आतां पूर्वींचें जालना राहिलें नाहीं,’ हें वाक्य त्या वर्षीं किती ओट्यांवर उच्चारलें गेलें असेल, याची कल्पना आपण सहज करूं शकतों.

पण एक दार बंद होण्यापूर्वींच दुसरें उघडलेलें होतें. इ. स. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे सुरू झाली. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा मार्ग काढून ती मनमाडास मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळाली. हे दिवस भयंकर दुष्काळाचे होते. विक्रम संवत १९५६ म्हणून मारवाडी व्यापाऱ्यांच्या बोलण्यांत ज्याचें नांव ‘छप्पनिया’ असें राहिलें, तोच हा दुष्काळ. रेल्वेमुळें कापूस व धान्य बाहेर जाऊं लागलें; सरकी काढण्याचे व कापसाचे गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले; आडत्ये, मुनीम, तोलणारे आणि हमाल यांनीं मोंढा गजबजून गेला. त्याच वेळीं लमाणांचे बैलांचे तांडे, ज्यांनीं शतकानुशतकें दक्षिणेंतील धान्य आणि मीठ वाहिलें होतें, ते मात्र ओस पडले. स्टेशनावरच्या शिटीनें एकाला भरभराट ऐकूं आली, तर दुसऱ्याला आपला धंदा बुडाल्याची वर्दी मिळाली. शहराच्या इतिहासांत असें पुष्कळदां होतें. आणि आपण आठवणी सांगतों त्या बहुधा पहिल्याच्या घरांतल्या असतात.

आतां ज्या जालन्याच्या आठवणी घराघरांतून वडिलधाऱ्यांच्या तोंडून उतरत आल्या, त्या निजामी अमदानीकडे वळूं. तेव्हांचें जग निराळें होतें. व्यवहारांत हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. सरकारी काम फसली सनावर चाले आणि कचेऱ्यांना सुटी शुक्रवारीं असे. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरीचें नाकें जकात घेई. कचेरीची भाषा उर्दू. म्हणून जालन्याच्या मराठींत दरखास्त, नक्कल, पेशकार, अदालत हे शब्द असे मिसळून गेले, कीं ते परके आहेत हें सांगूनही पटूं नये. घरें धाब्याचीं, उन्हाळ्याच्या रात्रीं सारा मोहल्ला माळवदावर झोंपावयास जाई, आणि एका माळवदावरची गोष्ट चार माळवदांवर ऐकूं येई. मोहरमच्या सवाऱ्यांस हिंदु नवस बोलत. ईदेचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण होई. भिश्ती पखाल घेऊन दारोदार जाई. आजाऱ्याच्या घरीं रात्रीं कोणी जागावयाचें हें शेजाऱ्यांना कोणी सांगावें लागत नसे.

या चित्रांत असत्य कांहीं नाहीं. पण तें संपूर्णही नाहीं. त्याच काळीं गश्ती ५३ या हुकुमान्वये जाहीर सभा भरवावयाची म्हणजे आधीं सरकारची परवानगी काढावी लागे. मराठी बोलणाऱ्या मुलास वरचें शिक्षण परक्या भाषेंतून घ्यावें लागे, आणि बहुसंख्य मुलांना तर तेंही मिळत नसे. खेडेगांवांत वेठ होती. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हौद पाण्यानें भरलेला असला तरी त्यांत घागर बुडविण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. ज्यांना अस्पृश्य मानलें, त्यांच्या बायांनीं विहिरीच्या कडेला उभें राहून कोणाला तरी दया येईपर्यंत वाट पाहावी, ही त्या सोन्याच्या काळाची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली, तेव्हां तेथें राहावयास आलेले लोक बहुतेक याच वर्गांतले होते. धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी माणसें आपलें गांव सोडून कोस-दोन कोसांवर नवें गांव कां वसवितात, याचें उत्तर जुन्या गांवानेंच द्यावयास हवें. माळवदावरच्या आठवणी सांगतांना माळवदाखालून कोण जात होतें, हेंही आठवावें लागतें.

शेजाराचा जो विश्वास होता त्याचीही कसोटी लवकरच लागली. इ. स. १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या दहशतीनें अनेक कुटुंबें घरदार टाकून संस्थानच्या सरहद्दीपलीकडे गेलीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. तो दिवस मराठवाडा आजही मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि तें योग्यच आहे. पण त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यांत कित्येक ठिकाणीं निरपराध मुसलमान कुटुंबांस सूडाला तोंड द्यावें लागलें, हेंही इतिहासानें नोंदविलें आहे. दोन्ही वेळीं कांहीं शेजाऱ्यांनीं दारें लावून घेतलीं, आणि कांहींनीं दारें उघडून माणसें आंत घेतलीं. ज्या शेजारधर्माचें आपण कौतुक करतों, तो गांवाच्या हवेंत आपोआप नव्हता. तो त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनीं, जीव धोक्यांत घालून, टिकविला.

पुढचा इतिहास आपल्या ओळखीचा आहे. घटनेनें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर केलें. इ. स. १९५० मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. ज्यांच्या आज्यांना हौदावर उभें राहावें लागलें, त्यांचे नातू तेथें पदवीधर झाले. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९६४ मध्यें बद्रिनारायण बारवाले यांनीं येथें बियाण्यांची कंपनी स्थापन केली. निजामी राजवटीविरुद्धच्या चळवळींत तुरुंगवास भोगलेल्या या गृहस्थानें भेंडीच्या सुधारित बियाण्यापासून आरंभ करून संकरित बियाण्यांचा एवढा मोठा व्यवसाय उभारला, कीं १९९८ मध्यें त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालन्याचें नांव शेतकऱ्यांच्या घरोघर गेलें. पुढें पोलादाच्या सळयांचे कारखाने आले, मोसंबीच्या बागा वाढल्या, मीटर गेजची गाडी जाऊन ब्रॉड गेज आली. २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ भरली, आणि २०२३ मध्यें नगरपालिकेची महानगरपालिका झाली. छावणी उठल्यावर ज्यांनीं जालना बुडालें म्हटलें, त्यांनीं हें पाहिलें असतें तर त्यांना आश्चर्य वाटलें असतें.

मग सुस्कारा निघतो तो कशासाठीं? मला वाटतें, येथें दोन गोष्टी निरनिराळ्या केल्या पाहिजेत. फौज आली आणि गेली, रेल्वे आली, राज्यें बदललीं, नाणें बदललें. या गोष्टी गांवाच्या इच्छेनें आल्या नाहींत व गांवाच्या इच्छेनें गेल्याही नाहींत. त्यांच्याबद्दल हळहळून उपयोग नाहीं. हाली सिक्का परत यावा असें कोणास वाटत नाहीं, आणि भिश्त्याची पखाल पाहावयास गोड असली, तरी ती पाठीवर वाहणाराला गोड नव्हती. परंतु कांहीं गोष्टी अशा होत्या, कीं ज्या सर्वस्वीं गांवाच्या हातांतल्या होत्या. तलाव, नळ, हौद, विहिरी आणि नदी यांची राखण ही त्यांतली पहिली. ती मात्र आपण सोडली. नदीचा नाला झाला. जमिनीखालचे नळ घरांच्या पायांत गडप झाले. दुरून कोणी तरी पाणी आणून देईल, या भरंवशावर जवळचें पाणी आपण मातींत घालविलें.

याचें प्रायश्चित्त लवकरच मिळालें. इ. स. २०१२-१३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील सर्वांत अधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना अग्रभागीं होता. शहरांतील माणसें टँकरमागें घागरी घेऊन धांवत होतीं, मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या, आणि कर्ज काढून लावलेलीं झाडें शेतकरी स्वतःच्या हातानें तोडीत होते. पैठणच्या जायकवाडीचें पाणी शहरासाठीं नळानें आणावें लागलें. साडेचारशें वर्षांपूर्वीं ज्या गांवांत घराजवळच्या हौदांत तलावाचें पाणी येत होतें, त्याच गांवानें शेजारच्या जिल्ह्यांतील धरणाकडे तोंड करून बसावें, यापेक्षां अधिक लाजिरवाणी गोष्ट कोणती? जमशेदखानापाशीं आपल्याइतका पैसा नव्हता व आपल्याइतकें ज्ञानही नव्हतें. त्याच्या मागून आलेल्या लोकांपाशीं एक गोष्ट होती: गाळ साचला तर तो आपणच काढावयाचा आहे, हें त्यांना ठाऊक होतें.

सुदैवानें ती गोष्ट सर्वस्वीं नाहींशी झालेली नाहीं. निजामी अमदानींत कुंडलिकेवर बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळानें भरत चालला, तेव्हां जालन्यांतील कांहीं नागरिकांनीं एक मंच स्थापन केला, लोकवर्गणी गोळा केली आणि तलावांतला गाळ काढण्यास प्रारंभ केला. तो सुपीक गाळ शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांत नेऊन टाकला. तलावाचें पोट वाढलें आणि शेताला माती मिळाली. या कामावर मोहल्ल्याची, जातीची किंवा धर्माची पाटी नव्हती. आज येथें तलावाच्या पाण्याला हात लावण्यास कायद्यानें कोणी कोणाला अडवूं शकत नाहीं. म्हणजे जुन्या जालन्यांत जें चांगलें होतें, तें त्यांतल्या अन्यायावांचून चालवितां येतें, याचा हा पुरावा आहे. आठवणींचा उपयोग करावयाचा तो असा.

तेव्हां श्रोतेहो, पुढच्या वेळीं ही म्हण कानांवर आली, तर सुस्कारा टाकण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसांना दोन प्रश्न विचारा. आपल्या मोहल्ल्यांतला हौद किंवा विहीर कोठें होती, आणि ती कोण साफ करीत असे? आणि तिच्यावर कोणाला येऊं देत नसत? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें, तर ती जागा शोधून काढा. बहुधा ती अजून असेल, केवळ कचऱ्यानें बुजलेली असेल. दुसऱ्याचें उत्तर ऐकतांना मान खालीं गेली, तरी तें ऐकून घ्या, आणि ती विहीर पुन्हां मोकळी कराल त्या दिवशीं त्या घरांतल्या माणसांना पहिलें आमंत्रण द्या. पाळणा सोन्याचा होता कीं लांकडाचा, याचा वाद मग कोणी घालणार नाहीं.